इनासभाऊंचा रिलीज

मागच्या आठवड्यात मुलीने नोकरी बदलली. सकाळी कॉम्प्युटरवर चार ओळी लिहिल्या, दुपारी साहेबाचं उत्तर आलं आणि संध्याकाळी ती नवीन ऑफिसात घालायचे कपडे इस्त्री करत होती. मी विचारलं, "त्यांनी सोडलं तुला?" ती म्हणाली, "त्यांनी काय सोडलं? मी सोडलं, आई."

बरोबर आहे तिचं. पण मला इनासभाऊ आठवले, आणि दोन दिवस तेच डोक्यात राहिले. म्हणून लिहिते आहे.

बहरीनला आम्ही तुबलीत राहायचो. खाली गाड्यांना रंग मारायचं गॅरेज, वर आमच्या दोन खोल्या आणि गच्चीवर इनासभाऊंची एक खोली. खाडीचा वास आणि रंगाचा वास, दोन्हींची सवय व्हायला मला वर्ष लागलं. इनासभाऊ वसईचे, ख्रिश्चन. बायको-मुलं गावी. आमचे हे आणि ते एकाच कंपनीत होते, सलमाबादला. एसी आणि फ्रीजर दुरुस्तीची कंपनी. हे मेकॅनिक, इनासभाऊ स्टोअरकीपर. त्यांचा डबा माझ्याकडे होता. एरवी बोलणं त्यांचं आणि ह्यांचं. मी स्वयंपाकघरात, दाराला पडदा. बाहेरच्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. त्यामुळे इनासभाऊ मला जास्त करून ऐकूनच माहीत आहेत.

अंगाने उंच, थोडे वाकलेले. खिशात चौकड्यांचा मोठा रुमाल, आणि डोक्यावर निळी टोपी, जिच्यावरचं अक्षर धुऊन धुऊन जवळजवळ गेलेलं. तरुणपणी ते मुंबई बंदरात जहाजांना भाजीपाला पुरवणाऱ्याकडे कामाला होते. तिथे एका अमेरिकन खलाशाने त्यांना ती टोपी दिली आणि बेसबॉल शिकवला. खलाशी महिन्याभरात गेला, वेड तेवढं राहिलं. त्या खलाशाच्या गावाची जी टीम, तीच इनासभाऊंची टीम. ती टीम इनासभाऊंच्या जन्माआधीपासून एकदाही पहिली आली नव्हती.

हे त्यांना चिडवायचे, "इनासभाऊ, टीम बदला. जगात जिंकणाऱ्या टीम पण असतात."

"टीम बदलायची नसते, कांबळे. ती बायको नाही."

"बायको बदलायची असते?"

"तू वसईला जाऊन फिलोमिनाला विचार."

बहरीनमध्ये अमेरिकन आरमाराचा तळ आहे. त्यांच्या रेडिओवर सामने लागायचे. तिकडे रात्र म्हणजे इकडे सकाळ. मी चपात्या लाटायची तेव्हा गच्चीवरून त्या रेडिओचा आवाज खाली यायचा. साहेब लोकांचं इंग्रजी मला कळत नव्हतं, पण एकदम मोठा गलका झाला की मी थांबायची. मग थोड्या वेळाने इनासभाऊ धुतलेला डबा घेऊन खाली यायचे आणि ह्यांना निकाल सांगायचे. बहुतेक वेळा तोंड पडलेलं असायचं. "सातव्या डावापर्यंत पुढे होतो. मग घात झाला." जणू घरातलीच बातमी.

खेळ उन्हाळ्यात चालतो, थंडीत बंद. बहरीनच्या उन्हाळ्यात नळाचं पाणीसुद्धा उकळल्यासारखं येतं, सगळे उन्हाळ्याला शिव्या द्यायचे. इनासभाऊ मात्र एप्रिलची वाट बघायचे. आणि थंडी आली की पुस्तकं काढायचे. अमेरिकन कुटुंबं परत जाताना घरातलं सामान विकायची, तिथून ते शुक्रवारी पिशव्या भरून पुस्तकं आणायचे. सगळी अमेरिकेच्या इतिहासाची. प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. पुस्तक शेवटापासून उघडायचे. शेवटी नावांची यादी असते म्हणे, त्यात काळ्या लोकांची नावं किती आहेत ते आधी बघायचे. नसली तर म्हणायचे, "हा लेखक अर्ध्या देशातच फिरून आलाय." तरी पुस्तक पूर्ण वाचायचे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "अमेरिकेची रीत काय सांगू तुला, कांबळे? आधी छान वाक्य लिहायचं. सगळी माणसं समान. मग घरी जाऊन गुलामाकडून पाय चेपून घ्यायचे. आणि पुढची दोनशे वर्षं त्या वाक्याला लाजायचं."

हे म्हणायचे, "मग काय उपयोग?"

"लाजतात ना. वाक्यच नसतं तर लाजले असते का?"

कुवेतच्या लढाईनंतर पुढच्या वर्षी तिकडे निवडणूक झाली आणि लढाई जिंकलेला अध्यक्ष हरला. कंपनीत कोणाला ते पटेना. आमच्या डोक्यावरून मिसाइल गेलेली सगळ्यांना आठवत होती. जिंकून दिलं आणि घालवलं? इनासभाऊ म्हणाले, "चेंडू टाकणारा चांगला टाकत असला तरी त्यांच्यात मॅनेजर मैदानात चालत येतो, हात पुढे करतो, आणि त्याने मुकाट चेंडू द्यायचा. भांडायचं नाही. तिथे लोक म्हणजे मॅनेजर." मग म्हणाले, "हात पुढे करता आला पाहिजे, एवढंच." ह्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. बहरीनला अमीराचं राज्य, असलं बोलणं खिडकी उघडी असताना बरं नव्हतं.

आमच्या लोकांच्या एप्रिलच्या जयंतीला हॉल भाड्याने घ्यायचे. एका वर्षी ह्यांनी हौसेने इनासभाऊंना दोन शब्द बोलायला लावले. ते उभे राहिले आणि बेसबॉलमधल्या पहिल्या काळ्या खेळाडूची गोष्ट सुरू केली. गोऱ्यांच्या टीमने त्याला घेतलं, पण टीमच्या प्रमुखाने अट घातली की शिव्या दिल्या, अंगावर चेंडू मारला, तरी उलटून काही करायचं नाही. इनासभाऊ सांगत होते, सांगत होते, तिकडे पुऱ्या गार होत होत्या. बायका माझ्याकडे बघत होत्या, कारण माणूस आम्ही आणलेला. शेवटी मागून जाधवांचे वडील ओरडले, "मग मारलं की नाही त्याने?"

"नाही मारलं."

"मग कसला हिरो?"

सगळे हसले. इनासभाऊ रुमालाने मान पुसत म्हणाले, "मी पण हाच विचार करतो, काका. वीस वर्षं करतोय." आणि खाली बसले. घरी येताना हे म्हणाले, "लाज आणली." मला तसं वाटलं नाही. आमच्या भिंतीवर ज्यांचा फोटो आहे तेही शिकायला त्याच देशात गेले होते. आणि मी स्वतः चौथीपर्यंत वर्गात कुठे बसले ते मला माहीत आहे. मला गोष्ट समजली होती.

मला तो खेळ समजला तो सलमानियाच्या हॉस्पिटलात. ह्यांचा हात ब्लोअरच्या पट्ट्यात सापडला आणि दोन बोटांचं ऑपरेशन करावं लागलं. मी बाहेर बाकावर बसले होते. कोणाला काय विचारायचं, कुठल्या भाषेत, काही कळत नव्हतं. इनासभाऊ कामावरून तसेच आले, ग्रीसचे हात. माझ्याकडे बघितलं आणि बाकावर मध्ये तो चौकड्यांचा रुमाल पसरला.

"वहिनी, डॉक्टर आत त्यांचं काम करतायत. तोवर आपण खेळू."

खिशातून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढला. रुमालाचे चार कोपरे म्हणजे चार घरं. बिस्किटं म्हणजे माणसं. पहिल्या कोपऱ्यावरून निघायचं, तीन घरं घेत फिरून परत तिथेच यायचं, तर एक धाव. मधे सापडला तर आऊट. जो आऊट व्हायचा ते बिस्किट इनासभाऊ खाऊन टाकायचे. असा अर्धा पुडा संपला.

मग त्यांनी एक बिस्किट दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवलं, एक पहिल्यावर. "आता बघा. हा मारणारा मुद्दाम चेंडू हळूच पुढ्यात पाडणार. सगळे धावून ह्यालाच धरणार. हा गेला." ते बिस्किट तोंडात टाकलं. "पण तेवढ्यात तो दुसरा एक घर पुढे गेला." दुसरं बिस्किट बोटाने सरकवलं.

मी त्यांच्याशी स्वतःहून पहिल्यांदा बोलले ते तेव्हा. "ह्याच्या नावावर आऊट लागला ना पण?"

त्यांना फार आनंद झाला. "आऊट झाला. पण त्याच्या सरासरीत तो धरत नाहीत. मुद्दाम गेला म्हणून सोडून देतात. असा नियम दुसऱ्या कुठल्या खेळात नाही, वहिनी."

मला माझी शाळा आठवली. धाकट्या भावाचं नाव घातलं तेव्हा माझं काढलं होतं. दार उघडलं, नर्स बाहेर आली, बोटं वाचली होती.

चौऱ्याण्णव साली तिकडे खेळाडूंनी संप केला आणि खेळ मध्येच बंद पडला. त्या उन्हाळ्यात गच्चीवर शांतता. इनासभाऊ डबा द्यायला यायचे आणि उगीच उभे राहायचे. हे म्हणाले, "लाखो डॉलर मिळतात त्यांना, आणि संप कसला?" इनासभाऊ म्हणाले, "पैशाचं नाही ते. त्यांना जाता येतं की नाही, त्याचं आहे." आणि मग दुसऱ्या एका खेळाडूची गोष्ट सांगितली.

पूर्वी म्हणे तिकडे खेळाडू ज्या मालकाकडे लागला त्याचाच. मालक त्याला दुसऱ्या टीमला देऊ शकायचा, पण तो स्वतः जाऊ शकत नव्हता. एका नावाजलेल्या काळ्या खेळाडूला एक दिवस असंच कळवलं की तुला दुसऱ्या गावाला दिलं. तो म्हणाला, मी जात नाही. पत्र लिहिलं, कोर्टात गेला, सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत.

"म्हणजे रिलीजची भानगड," हे म्हणाले.

"तीच."

बहरीनमध्ये माणूस ज्याच्या व्हिसावर आला त्याच्याकडेच काम करायचं. दुसरीकडे जायचं तर मालकाने सही करून सोडायचं, त्याला सगळे रिलीज म्हणायचे. सही नसेल तर परत गावी. पासपोर्टही मालकाच्या तिजोरीत. मालकाला अरबाब म्हणायचे. आमचा अरबाब म्हातारा, तसा माणूस वाईट नव्हता. ईदला मटण पाठवायचा. ह्यांचा हात सापडला तेव्हा स्वतः हॉस्पिटलात येऊन गेला. पण रिलीज मफी, म्हणजे नाहीच. तेवढं कोणी विचारायचं नाही.

इनासभाऊ त्याच्याकडे सतरा-अठरा वर्षं होते, त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. मग एका अमेरिकन बाईने, जिच्याकडून ते पुस्तकं घ्यायचे, त्यांना सांगितलं की एका शाळेच्या लायब्ररीत माणूस हवा आहे. ते बघायला गेले. परत आले ते आमच्या दारातच बसले. "कांबळे, तीन भिंती. वरपर्यंत. आणि शिडी आहे, चाकं लावलेली." त्या दिवशी जेवण तसंच राहिलं. शाळेने होकार दिला, फक्त रिलीज आणा म्हणाले. पन्नाशी उलटून गेलेला माणूस, पण मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. रोज येऊन ह्यांना विचारायचे, "देईल ना?"

हे म्हणाले, "देईल. पण रीतीने जा. शुक्रवारी नमाजानंतर त्याच्या बैठकीत जाऊन बस. गहवा देतील, ती कडू कॉफी पी. तब्येत विचार, नातवंडांचं विचार. मग निघताना हळूच तोंडाने माग. रमजान जवळ आहे, मन मोठं असतं त्यांचं."

"तोंडाने मागितली की भीक होते, कांबळे. लिहून मागितला की हक्क."

चार दिवसांनी त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं पत्र आणलं आणि ह्यांना मराठीत समजावून वाचून दाखवलं. मी पडद्याआड उभी होते. त्यात लिहिलं होतं, मी आपल्या स्टोअरचा माल सांभाळतो, मी स्वतः त्यातला माल नाही. माल बाहेर काढायला सही लागते, माणसाला लागू नये. मग कोर्टात गेलेल्या त्या खेळाडूची सगळी हकीकत. मग अमेरिकेतल्या गुलामांची.

हे म्हणाले, "हे अरबाबला द्यायचं आहे की अमेरिकेला?"

"वाक्य चांगलं असलं की माणूस लाजतो."

"आणि नाही लाजला तर?"

तेव्हा मी पडदा सारून बाहेर आले. का आले ते माहीत नाही. मी विचारलं, "त्या खेळाडूचं पुढे काय झालं?"

"हरला," इनासभाऊ म्हणाले. "पण त्याच्यानंतर दोन-तीन वर्षांत दुसऱ्यांना मिळालं. आता सगळ्यांना मिळतं."

"आणि त्याला?"

त्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "डाळ आहे का वहिनी थोडी?"

पत्र दिलं तेव्हा हे ऑफिसातच होते, म्हणून मला कळलं. कारकुनाने अरबीत करून वाचलं. गुलाम हा शब्द आला तेव्हा तो अडखळला. अरबाबने त्याला थांबवलं आणि हिंदीत इनासभाऊंना म्हणाला, "इनास, तुम मेरा बेटा का शादी में खाना खाया. मैं तुमको खरीदा? बोलो."

ऑफिसात सगळे खाली बघत होते. हे म्हणतात, तेव्हा सुद्धा वेळ होती. हात जोडले असते, चूक झाली म्हणाले असते, तर म्हातारा विरघळला असता. इनासभाऊंनी टोपी काढून हातात घेतली.

"नहीं अरबाब, खरीदा नहीं. लेकिन मैं जा भी नहीं सकता."

अरबाब म्हणाला, "जा सकता. घर जाओ. खलास."

व्हिसा कॅन्सल झाला. शाळेने दुसरा माणूस घेतला. हे त्या रात्री जेवले नाहीत. सारखं म्हणत होते, "गहवा प्यायला काय जात होतं?"

पुस्तकं विमानात नेता येणार नव्हती. थोडी घेतली, बाकीची त्या बाईकडे परत गेली. रेडिओ त्यांनी मला दिला. म्हणाले, "वहिनी, एप्रिलमध्ये लावा. कळलं नाही तरी लावा." मी लावायची. चपात्या लाटताना चालू असायचा. नुसत्या आवाजावरून मला हळूहळू कळायला लागलं, कधी कोणी आऊट झालं आणि कधी कोणी फिरून घरी आलं.

दोन वर्षांनी ह्यांना एका हॉटेलात मेंटेनन्सची नोकरी मिळत होती. हे शुक्रवारी बैठकीत जाऊन बसले. गहवा प्यायले, कप हलवून पुरे म्हणून सांगितलं. तोंड उघडायच्या आधी अरबाबनेच विचारलं, "तुम भी जाना मांगता?" हे हो म्हणाले. "कागज लाया?" "नहीं अरबाब." अरबाबने मुलाला हाक मारून फॉर्म मागवला आणि मांडीवर ठेवूनच सही केली. सही करताना विचारलं, "वो इनास, ठीक है?"

हे म्हणतात, त्या वर्षी धंदा मंदीत होता, माणसं कमी करायचीच होती, म्हणून सही दिली. असेल. पण आमच्या आधी त्या कंपनीत कोणाला रिलीज मिळाला नव्हता, आणि आमच्यानंतर मागेल त्याला मिळत गेला.

त्या सुट्टीत आम्ही वसईला गेलो. वाडीत केळी, विहीर, मागे भाजीचे वाफे. इनासभाऊ ओटीवर बसून वाचत होते, पुस्तकाला कॅलेंडरचं कव्हर. टोपी डोक्यावर, अक्षर आता पूर्ण गेलेलं. फिलोमिनाबाय आतून म्हणाल्या, "आलात ते बरं झालं. दोन वर्षं मला गुलामांचं ऐकवतायत आणि विहिरीचा पंप तसाच बंद आहे." हे लगेच पंप बघायला उठत होते, इनासभाऊंनी हात धरून बसवलं.

आमची मुलगी त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होती, तिला मधे थांबवून ह्यांनी सांगायला सुरुवात केली. पण ह्यांना जमेना. पत्राच्या दिवशी आपणच नको म्हणत होतो, ते ह्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी मीच म्हणाले, "इनासभाऊ, ह्यांना रिलीज मिळाला. अरबाबने दिला."

चहा आला, बशीत ग्लुकोज बिस्किटं. इनासभाऊंनी खिशातून चौकड्यांचा रुमाल काढला, मला वाटलं डोळे पुसतील. त्यांनी तो ओटीवर पसरला, कोपरे हाताने सरळ केले. एक बिस्किट पहिल्या कोपऱ्यावर ठेवलं, एक दुसऱ्यावर. थोडा वेळ दोन्हींकडे बघितलं. मग पहिलं उचललं, चहात बुडवलं आणि खाल्लं. आणि दुसरं बोटाने सावकाश एक घर पुढे सरकवलं.